पगार चांगला आहे, मग अडलंय कुठे?

आपल्या मासिकाच्या मराठी विभागात दरवर्षी "कॅम्पसला कसं सामोरं जावं" यावर एक लेख असतोच. ग्रुप डिस्कशनमध्ये काय बोलावं, टाय कशी बांधावी, एचआरने "तुमच्यातला दोष सांगा" म्हटलं की कोणता गोड दोष सांगावा, हे सगळं त्यात येतं. पण नोकरी लागल्यावर पाच-सात वर्षांनी ती सोडावीशी वाटली तर काय करायचं, यावर कोणी लिहीत नाही. म्हणून म्हटलं, आपणच लिहू. माझं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालंय, तेव्हा ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका संपादकांनी दुरुस्त केल्या असतीलच. राहिल्या तर सांभाळून घ्या.

"थर्ड इयरला असताना नोकरी सोडायचा विचार कशाला? आधी लागू तर दे!" हे माझ्या रूममेटचं वाक्य. तिचं म्हणणं अगदीच खोटं नाही. पण माझ्या आतेभावामुळे, ज्याला मी दादा म्हणते, गेलं वर्षभर हा प्रश्न मी जवळून पाहतेय. आणि माझं मत असं झालंय की नोकरी सोडता येईल की नाही हे राजीनाम्याच्या दिवशी ठरतच नाही. ते बरंचसं पहिल्या दोन-तीन वर्षांच्या पगारांतच ठरून जातं. म्हणजे विषय आपलाच आहे.

दादाची गोष्ट

दादा मेकॅनिकल इंजिनिअर. चाकणमधल्या गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कंपनीत सात वर्षं क्वालिटीत आहे. हातात महिना ८२ हजार येतात. कंपनीची बस, कँटीन, मेडिक्लेम, सगळं आहे. बॉस वाईट नाही. तरी रात्री जेवताना तो म्हणतो, "दिवसभर मी काय केलं ते मलाच आठवत नाही." पार्ट रिजेक्ट झाला की ग्राहकाची तक्रार येते, तक्रार आली की ८-डी रिपोर्ट, रिपोर्टवर मीटिंग, मीटिंगची एक्सेल शीट. पार्टला हात लावून किती महिने झाले, असं विचारलं तर तो नुसता हसतो.

त्याला आवडतं ते वेगळंच. आत्याचं गाव जुन्नर तालुक्यात. लहानपणापासून तिथली फवारणीची पंपं, पेरणीयंत्रं, पॉवर टिलर खोलून बघायची त्याला हौस. शेतकऱ्यांसाठी छोटी यंत्रं बनवावीत, असलेली दुरुस्त करावीत, असं त्याच्या डोक्यात आहे. आत्याला हे कळलं तेव्हा ती एवढंच म्हणाली, "हातचं सोडून पळत्याच्या पाठी लागू नये रे बाबा."

आत्याचं म्हणणं हसण्यावारी नेऊ नका. आपला हा पट्टा नोकरीवरच उभा राहिलाय. १९५४ मध्ये पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्सची स्थापना झाली, १९६२ मध्ये एमआयडीसी स्थापन झाली, मग टेल्को आली, आकुर्डीत बजाज आली, आणि जुन्नर, खेड, मराठवाडा, खानदेश, कुठून कुठून माणसं इथे राहायला आली. ज्या घरात आधीच्या पिढीने पाऊस बघून वर्षाचं गणित मांडलं, त्या घरात ठरलेल्या तारखेला येणारा पगार ही केवढी मोठी गोष्ट! "पर्मनंट झाला" म्हणून या भागात पेढे वाटलेले मी स्वतः पाहिलेत. अशा घरात "मला कामात समाधान नाही" हे वाक्य माजोरडं वाटतं. दादालाही तसंच वाटतं, म्हणून तो ते हळू आवाजात बोलतो.

हर्झबर्ग साहेब काय म्हणतात

मॅनेजमेंटच्या पेपरला आपण हर्झबर्गची थिअरी पाठ करतो, सहा मार्कांना लिहितो आणि विसरतो. ती खरं तर दादाबद्दलच आहे. फ्रेडरिक हर्झबर्ग आणि त्याच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेत पिट्सबर्ग भागातल्या दोनशेवर इंजिनिअर आणि अकाउंटंट लोकांना दोन गोष्टी विचारल्या. नोकरीत फार छान वाटलं ते कधी? आणि फार वाईट वाटलं ते कधी? त्यावरचं पुस्तक १९५९ मध्ये आलं.

गंमत अशी की दोन्ही उत्तरं एकाच गोष्टीची उलटसुलट बाजू नव्हती. वाईट वाटल्याच्या आठवणींत कंपनीची धोरणं, वरिष्ठांची वागणूक, कामाची जागा असल्या गोष्टी जास्त होत्या. छान वाटल्याच्या आठवणींत काहीतरी जमल्याचा आनंद, कौतुक, जबाबदारी आणि प्रत्यक्ष काम होतं. हर्झबर्गने पगार पहिल्या गटात टाकला. म्हणजे पगार कमी असेल तर माणूस चिडतो, पण पगार वाढवला म्हणून कामात रस येतोच असं नाही. आपल्या मेसच्या भाषेत सांगायचं तर ताटं स्वच्छ नसतील तर आपण बोंबलतो, पण ताटं चकाचक आहेत म्हणून भाजी चविष्ट लागत नाही!

या थिअरीवर टीकाही झाली. माणूस चांगल्याचं श्रेय स्वतःला घेतो आणि वाइटाचं खापर कंपनीवर फोडतो, म्हणून अशी उत्तरं येतात, असं काहींचं म्हणणं. ते धरूनही एक गोष्ट उरतेच. "एवढा पगार आहे, मग दुःख कसलं?" हा प्रश्नच चुकीच्या खात्यात विचारलेला आहे. दादाचं पहिलं खातं भरलेलं आहे, दुसरं रिकामं आहे. एका खात्यातले पैसे दुसऱ्यात वळते होत नाहीत.

मेकॅनिकलवाल्यांना फटीग आठवत असेल. धातू एकदम मोठ्या भाराने मोडतो तसाच, त्याहून पुष्कळ कमी भार लाखो वेळा आला तरी मोडतो. बाहेरून काही दिसत नाही, आत बारीक चीर वाढत असते. दादावर कोणी ओरडत नाही, अन्याय करत नाही. तरी रोजचा तोच तो छोटा भार आहेच. म्हणून "सहन होतंय ना, मग राहा" हा सल्ला मला पुरेसा वाटत नाही.

नक्की काय सोडायचंय?

पण लगेच राजीनामा हाही सल्ला नव्हे. आधी हे शोधायला हवं की नको झालंय ते काय. काम? पद? वरिष्ठ? शिफ्ट? की नाशिक रोडवरची रोजची कोंडी? यातल्या प्रत्येकाचं औषध वेगळं. वरिष्ठांचा जाच असेल तर खातं बदलून मिळतं का पाहावं. प्रवास असेल तर घर बदलावं. फक्त कामच नकोसं झालं असेल तर तिथे दुसऱ्या कंपनीत जाऊन उपयोग नाही, कारण तिथेही तेच काम दहा-वीस टक्के जास्त पगारावर मिळणार.

मी दादाला एक महिना साधी वही ठेवायला लावली. रोज रात्री दोन ओळी. आज कोणता तास भराभर गेला, कोणता जाता जात नव्हता. महिन्याअखेर वाचलं तर भराभर गेलेले बहुतेक तास मशीनजवळचे होते. एकदा गेज बिघडलं म्हणून तो टूलरूममध्ये बसला होता, एकदा एका ऑपरेटरबरोबर फिक्श्चर सुधारत होता. म्हणजे त्याला कारखान्याचा कंटाळा नाही, कागदांचा आहे. हे त्यालाही तोवर असं स्वच्छ दिसलं नव्हतं.

आता हिशेब

मन झालं, आता पैसे. इथे मला खरा धक्का बसला.

दादाने नोकरीच्या चौथ्या वर्षी मोशीला फ्लॅट घेतला. ८ लाख डाऊन पेमेंट आणि ४० लाख कर्ज, साडेआठ टक्क्यांनी, २० वर्षांसाठी. ईएमआय येतो सुमारे ३४ हजार ७०० रुपये. आपण इंजिनिअर, तेव्हा हे आकडे उलगडून बघू. पहिल्या हप्त्यातले जवळजवळ २८ हजार ३०० रुपये नुसतं व्याज, मुद्दलात जातात फक्त ६ हजार ४०० च्या आसपास. वीस वर्षांत बँकेला एकूण ८३ लाखांवर जातात.

घरखर्च, वीज, आत्याची औषधं मिळून महिना २५ हजार. म्हणजे पगार थांबला तरी महिन्याला ५९ हजार ७०० लागणारच. शिल्लक आहे ४ लाख ८० हजार. भागाकार करा. आठ महिने!

आता दुसरं चित्र. फ्लॅट घेतलाच नसता, १२ हजार भाड्याने राहिले असते तर महिन्याचा खर्च ३७ हजार. तेवढ्याच शिलकीवर तेरा महिने. आणि डाऊन पेमेंटचे ८ लाख हाताशी असते तर साडेचौतीस महिने. म्हणजे त्याच माणसाकडे, त्याच पगारात, आठ महिन्यांऐवजी पावणेतीन वर्षांहून जास्त काळ असता.

फ्लॅट घेणं चूक, असं मी म्हणत नाही. आत्या आयुष्यभर भाड्याच्या खोलीत राहिली, तिला स्वतःच्या दारावर पाटी लावताना मी पाहिलंय. त्या आनंदाची किंमत एक्सेलमध्ये मांडता येत नाही. पण फ्लॅट घेताना दादाने फक्त घर घेतलं नव्हतं, पुढच्या काही वर्षांची मोकळीकही दिली होती. हे तेव्हा त्याला कुणी सांगितलं नाही. आपल्याला तरी माहीत असावं.

पगाराखेरीज काय मिळतं तेही बघून ठेवा. कायम नोकरीत सलग ५ वर्षं झाली की ग्रॅच्युइटीचा हक्क मिळतो. प्रत्येक वर्षाला १५ दिवसांचा पगार, आणि दिवसाचा पगार काढताना महिना २६ दिवसांचा धरायचा. मूळ पगार ४० हजार आणि नोकरी ७ वर्षं असेल तर सुमारे १ लाख ६१ हजार. दादाच्या खर्चाने पावणेतीन महिन्यांची भर. पीएफमध्ये मूळ पगार आणि महागाई भत्त्याच्या १२ टक्के आपले जातात आणि तेवढेच कंपनी भरते, त्यातला एक भाग पेन्शनकडे जातो. त्या पेन्शनच्या हक्काला १० वर्षं लागतात, पण ती एकाच कंपनीत भरावी लागत नाहीत. नोकरी बदलली की पीएफ काढून न घेता पुढे वर्ग केला तर आधीची वर्षं मोजली जातात. चार वर्षं आणि आठ महिने झालेला माणूस चिडून राजीनामा देतो तेव्हा त्याने कॅलेंडर तरी पाहावं!

पिंपरीतून निघालेला एक इंजिनिअर

या पट्ट्यातलंच एक खरं उदाहरण आहे आणि ते आपल्यापैकी पुष्कळांना माहीत नसतं. अरविंद गुप्ता. कचऱ्यातून खेळणी बनवून विज्ञान शिकवणारे, २०१८ मध्ये पद्मश्री मिळालेले. शाळेत आपण त्यांची खेळणी केलीही असतील. पण हे गृहस्थ मुळात इंजिनिअर. १९७५ मध्ये आयआयटी कानपूरमधून इलेक्ट्रिकल झाले आणि पुण्यात टेल्कोत लागले. टेल्को म्हणजे आजची टाटा मोटर्स, ट्रक बनवणारी. त्या काळात आयआयटीची पदवी आणि टेल्कोची नोकरी, अजून काय पाहिजे?

१९७८ मध्ये त्यांनी एक गोष्ट केली, ती मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. त्यांनी राजीनामा दिला नाही. त्यांनी एक वर्षाची अभ्यासरजा घेतली आणि मध्य प्रदेशात होशंगाबाद जिल्ह्यात गेले, ज्याचं नाव आता नर्मदापुरम आहे. तिथे १९७२ मध्ये १६ खेड्यांतल्या शाळांपासून एक विज्ञान शिक्षण कार्यक्रम सुरू झाला होता. पाठांतर नाही, मुलांनी हाताने प्रयोग करायचे. महागडी उपकरणं खेड्यात कुठून येणार? म्हणून जे मिळेल त्यातून बनवायचं. सायकलच्या व्हॉल्व्हची रबरी नळी आणि काड्यापेटीतल्या काड्या घेऊन गुप्तांनी सांधे जोडले. तीन काड्यांचा त्रिकोण दाबला तरी आकार सोडत नाही, चार काड्यांचा चौकोन लगेच कलंडतो. आपण ट्रस शिकतो ना, तेच, पण सहावीतल्या मुलाच्या हातात आणि काही पैशांत.

वर्ष संपल्यावर ते टेल्कोत परत आले. आणि मग थोड्याच काळात नोकरी सोडली. म्हणजे सोडली तेव्हा ते अंधारात उडी मारत नव्हते. ते काम कसं असतं, खेड्यात राहणं कसं असतं, मुलांसमोर आपल्याला जमतं का, हे त्यांनी वर्षभर करून पाहिलं होतं. पुढे पुस्तकं झाली, दूरदर्शनवर कार्यक्रम झाले, आणि २००३ पासून अकरा वर्षं त्यांनी पुण्यात आयुकाच्या मुलांसाठीच्या विज्ञान केंद्रात काम केलं. पण मला हे सगळं यश बाजूला ठेवून ते एक वर्षच बघावंसं वाटतं. दार बंद न करता बाहेर जाऊन आले, आणि मग ठरवलं.

पण सगळ्याच गोष्टी अशा संपत नाहीत

आपल्याकडे गोष्टी सांगितल्या जातात त्या जमलेल्या माणसांच्या. नोकरी सोडून दोन वर्षांनी गुपचूप पुन्हा त्याच एमआयडीसीत बायोडेटा घेऊन फिरणाऱ्या माणसाला कॉलेजात भाषणाला कोणी बोलावत नाही. म्हणून मोठ्यांची उदाहरणं वाचताना त्यांच्या मागे आधार कोणता होता तेही वाचावं. डॉ. अनिल अवचट डॉक्टरकीची प्रॅक्टिस सोडून लेखनाकडे वळले, पण त्या वर्षांत डॉ. सुनंदा अवचटांची नोकरी होती, आणि हे त्यांनी स्वतः मोकळेपणाने लिहिलंय. गुप्तांकडे आयआयटीची पदवी होती, गरज पडली तर दुसरी नोकरी मिळालीच असती. दादाकडे ईएमआय आहे आणि आत्या आहे. तराजू एकच नसतो.

आणि राहूनही जगता येतं, हेही सांगितलं पाहिजे. अरुण कोलटकर मुंबईत जाहिरातीच्या क्षेत्रात चित्रकार म्हणून काम करायचे, तिथेही मोठं नाव होतं. 'जेजुरी' १९७६ मध्ये आलं आणि पुढच्याच वर्षी त्याला राष्ट्रकुल कविता पुरस्कार मिळाला. पोट एका कामावर, जीव दुसऱ्यात. हेही एक उत्तर आहे, आणि कमी दर्जाचं नाही. फक्त त्यासाठी नोकरीने संध्याकाळ शिल्लक ठेवली पाहिजे.

तसंच "राहिलो तर सुरक्षित" हेही पूर्ण खरं नाही. तळेगावला जनरल मोटर्सचा कारखाना २००८ मध्ये सुरू झाला. डिसेंबर २०२० मध्ये तिथलं उत्पादन थांबलं. तिथल्या कुणीही नोकरी सोडली नव्हती, नोकरीनेच त्यांना सोडलं.

गुरुवारची युक्ती

चाकणच्या साध्या कंपनीत वर्षाची रजा मागितली तर एचआर चहा पाजून परत पाठवेल. मग दादाने काय करावं? आमच्या पट्ट्यात बऱ्याच कारखान्यांना सुट्टी गुरुवारी असते. गेल्या पावसाळ्यापासून तो गुरुवारी पहाटेच्या एसटीने नारायणगावला जातो. तिथे त्याच्या एका मित्राची वेल्डिंग-फॅब्रिकेशनची शेड आहे. दिवसभर तिथे काम करतो, रात्री परत. पहिल्या महिन्यात आत्या बोलली नाही. आता डबा देते.

या तीसेक गुरुवारांत त्याला दोन गोष्टी कळल्या, ज्या घरी बसून विचार करून कधीच कळल्या नसत्या. एक, काम त्याला खरंच आवडतं, उन्हात आणि ग्रीसमध्येसुद्धा. दोन, त्याला उधारी मागता येत नाही! शेतकरी म्हणतो "माल विकला की देतो दादा", आणि हा मान हलवून येतो. हंगामात काम रांगेत असतं, नंतर दोन महिने शेडमध्ये चिटपाखरू नसतं. म्हणजे धंदा एकट्याने करणं त्याच्या स्वभावात नाही. पैशाचं बघणारा भागीदार हवा, किंवा यंत्रं बनवणाऱ्या एखाद्या छोट्या कंपनीत नोकरी हवी.

तर सध्याची स्थिती अशी. त्याने टूलरूममध्ये बदली मागितली आहे. मिळाली तर काही वर्षं प्रश्नच मिटेल कदाचित. शिल्लक १० लाखांवर नेईपर्यंत राजीनामा नाही, आणि पुढच्या दिवाळीला पुन्हा बसून हिशेब, असं त्याने आणि आत्याने मिळून ठरवलंय. मला यात सगळ्यात आवडलं ते "मिळून".

आपण काय करायचं?

आपल्या हातात अजून पहिला पगारही आलेला नाही, हीच आपली चैन आहे. तेव्हा कॅम्पसआधी एवढं तरी मनात ठेवू.

ऑफर लेटरमधला सीटीसीचा आकडा फेसबुकवर टाकण्याआधी बॉन्ड किती वर्षांचा आणि नोटीस पिरियड किती, ते वाचू. पहिली दोन वर्षं खर्च हॉस्टेलच्या जवळपासच ठेवू, गाडी थोडी उशिरा घेऊ. वर्षभर पगाराशिवाय घर चालेल एवढी शिल्लक झाल्यावरच मोठा हप्ता डोक्यावर घेऊ. घरच्यांना पैसे पाठवायचे असतील, पुष्कळांना पाठवावेच लागतात, तर ते हिशेबात सगळ्यात आधी धरू, त्यात लाज कसली? आणि हॉस्टेलमध्ये आत्ता जे आवडीचं करतोय, रोबोटिक्स असो, नाटक असो, खाली वॉचमनकाकांच्या मुलाला गणित शिकवणं असो, ते नोकरी लागली म्हणून एकदम बंद करू नये. आठवड्यातला एक दिवस त्याच्या नावे ठेवावा. पुढे कधी निर्णय घ्यायची वेळ आली तर निदान कुठे जायचं ते माहीत असेल.

असा हिशेब केला की राहणाराही ताठ मानेने राहतो आणि जाणाराही. वाईट अवस्था तिसऱ्याची, जो जाऊ शकत नाही म्हणून राहतो. ती आपल्यावर येऊ नये एवढंच पहिल्या पगाराच्या दिवशी बघायचं. पार्टी त्यानंतर, आणि पार्टीला मला विसरू नका!